शोधनिबंध लिहिताना – लेखांक ५ : विषय मिळाला, आता प्रश्न शोधा

गेल्या आठवड्यात आपण विषयांची यादी केली. सोलापुरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांची यादी साधारण अशी असते : चादरीचा धंदा, सिद्धेश्वराची यात्रा, उजनीचे पाणी, नान्नजचा माळढोक, मार्शल लॉ. यातला एकही विषय वाईट नाही, पण नुसत्या विषयावर शोधनिबंध उभा राहत नाही. विषय हाती धरून लिहायला बसले की पहिल्या दोन पानांत सगळे ‘माहीत असलेले’ संपते आणि तिसऱ्या पानापासून उतरवणे सुरू होते. या लेखांकात विषयातून प्रश्न कसा काढायचा ते पाहू. संपूर्ण निबंधात सर्वांत जास्त विचार लागतो तो इथेच.

असे लेखन आपल्या मुलांना अगदी परके नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ विषयासाठी प्रकल्प करावाच लागतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून भरते आणि १० ते १७ वयाची मुले तिथे आपल्या परिसरातल्या प्रश्नावर केलेले काम मांडतात. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट मंडळाच्या शाळांत तर डिप्लोमासाठी जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा स्वतंत्र निबंध सक्तीचा आहे. तरीही आपल्याकडे पुष्कळ प्रकल्प आधीच्या वर्षीच्या वहीतून उतरतात. त्याचा सगळा दोष मुलांच्या आळसाला देता येणार नाही. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ एवढेच शीर्षक हाती दिले तर उतरवण्याखेरीज दुसरे करण्यासारखे काही उरत नाही. प्रश्न स्वतःचा असला की त्याचे उत्तर दुसऱ्याच्या वहीत सापडत नाही.

उदाहरणादाखल मार्शल लॉ घेऊ. ठळक घटना सोलापूरकरांना ठाऊक आहेत. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव असलेले हे शहर पेटले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून तंटा झाला, गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला, जाळपोळ झाली, पोलिसही मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात सरकारचा अंमल जवळजवळ उरला नव्हता. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा लागू होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

एवढे लिहून झाले की निबंध संपल्यासारखा वाटतो. खरे तर ही पार्श्वभूमी आहे, आणि तिला ५००-६०० शब्द पुरेत. आता यातली एकच गोष्ट उचला. त्या दिवसांत गांधी टोपी घालणाऱ्यांना त्रास झाला, असे आपण ऐकत आलो. मग विचारा : टोपीविरुद्ध लेखी हुकूम होता, की रस्त्यावरचे शिपाई आपल्या मर्जीने टोप्या उतरवायला लावत होते? हा झाला प्रश्न. त्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘काही अंशी’ असे उत्तर संभवते आणि ते पुराव्यावर ठरते. शिवाय उत्तर काहीही आले तरी त्यातून मोठे काही कळते : लष्करी अंमलात हुकूम कुठे संपतो आणि दांडगाई कुठे सुरू होते.

प्रश्न मनात आला की लगेच लिहायला बसू नका. आधी त्याला तीन कसोट्या लावा. पहिली, याचे उत्तर देणारी साधने माझ्या हाताशी आहेत का? दुसरी, दोन समंजस माणसांचे यावर मतभेद होऊ शकतील का? तिसरी, चार महिन्यांत हे काम उरकेल का?

पहिल्या कसोटीवर सर्वांत जास्त प्रश्न गळतात, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. मुंबईच्या पुराभिलेखागारात सरकारी कागद आहेत, पण बारावीच्या मुलाला तिथे आठवडाभर जाऊन बसणे जमणार नाही. मग घरबसल्या काय मिळते? सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर मिळते. त्याची १८८४ची जुनी आवृत्ती १९३०साठी उपयोगाची नाही, तेव्हा स्वातंत्र्यानंतरची आवृत्तीच घ्या. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत ‘हॅन्सार्ड’ या नावाने इंटरनेटवर मोफत वाचता येतो. भारतमंत्री वेजवुड बेन यांना त्या उन्हाळ्यात सोलापूरबद्दल प्रश्न विचारले गेले होते. शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके विचारा. एका बाजूला मंत्र्याचे उत्तर, दुसऱ्या बाजूला ते दिवस भोगलेल्या माणसाची आठवण : या दोहोंतल्या अंतरात तुमचा निबंध आहे.

टिपण कसे घ्यायचे तेही पाहू. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा कागद घ्या. वर चार गोष्टी लिहा : कोणी लिहिले, कधी लिहिले, कुठल्या पानावर आहे, आणि लिहिणाऱ्याला हे स्वतः पाहायला मिळाले होते की ऐकायला. खाली मजकूर. अवतरण असेल तर अवतरणचिन्हांत, तुमचे मत असेल तर वेगळ्या शाईत. या दोन्हींची सरमिसळ झाली की तीन महिन्यांनी वाक्य कोणाचे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. गोळीबारात किती माणसे गेली, याचा आकडा सगळीकडे सारखाच मिळेल असे धरून चालू नका. दोन ठिकाणी दोन आकडे आले तर दोन्ही लिहा आणि कोणावर जास्त विश्वास ठेवता ते कारणासह सांगा. सोयीचा आकडा गुपचूप ठेवून दुसरा टाकणे ही फसवणूक आहे.

इतिहास नको असेल तर आपल्याच पेठेकडे बघा. ‘सोलापूरचा पाणीप्रश्न’ हा विषय मोठा आहे. ‘आमच्या पेठेतल्या दहा घरांना सहा आठवड्यांत नळाचे पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ आले, आणि साठवणुकीवर त्यांचा खर्च किती झाला?’ हा प्रश्न तुम्ही वही-पेन आणि घड्याळावर सोडवू शकता. यंत्रमागावरच्या कामगाराशी बोलणार असाल तर आधी परवानगी घ्या, नाव छापायचे की नाही ते त्यालाच विचारा, आणि त्याची पाळी संपल्यावरच जा.

आता वेळापत्रक. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तोंडी-प्रात्यक्षिके त्याआधी असतात, म्हणून निबंध डिसेंबरच्या आत हातावेगळा झाला पाहिजे. जून-जुलैमध्ये वाचन आणि प्रश्न पक्का करणे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टिपणे, मुलाखती, मोजमाप. दिवाळीच्या सुट्टीत पहिला खर्डा, तोही सलग. नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती. ४,००० शब्दांची वाटणी ढोबळमानाने अशी ठेवा : प्रस्तावना ४००, पार्श्वभूमी ६००, साधनांची ओळख ५००, पुरावे आणि युक्तिवाद २,०००, निष्कर्ष ५००. निम्मे शब्द युक्तिवादाला मिळाले नाहीत तर तुम्ही माहितीपत्रक लिहीत आहात असे समजा.

शिक्षकांना एक विनंती. मुलाने प्रश्न आणला की तो सुधारून हातात देऊ नका. ‘याचा पुरावा कुठे मिळेल?’ एवढेच विचारा आणि त्याला परत पाठवा. दोन-तीन फेऱ्यांत तो स्वतःच प्रश्न आटोपशीर करून आणतो, आणि मग तो प्रश्न त्याचा असतो.

या आठवड्याचा अभ्यास : आपल्या विषयातून तीन प्रश्न काढा, प्रत्येकापुढे हाताशी असलेली दोन साधने लिहा, आणि ज्याला दोन साधने मिळत नाहीत तो प्रश्न आजच खोडा. पुढच्या लेखांकात पहिल्या खर्ड्याकडे वळू. तोवर इंटरनेटवरून एकही परिच्छेद उचलू नका. स्वतःच्या टिपणांतली तोडकीमोडकी दहा वाक्ये त्याहून अधिक मोलाची आहेत.