खाण खोदण्याआधी जमिनीला विचारा!

बालमित्रांनो, घर बांधायला काय काय लागतं? विटा, सिमेंट, लोखंड आणि वाळू-गोटे. हे वाळू-गोटे नद्यांनी हजारो वर्षांपूर्वी वाहून आणले आणि काठाशी पसरले. इंग्लंडमध्ये शेतांखालचे असे थर मोठमोठ्या खाणी काढून उपसतात. पण खाणीची यंत्रं शेतात शिरण्याआधी तिथे वेगळीच माणसं येतात. ती असतात पुरातत्त्वज्ञ! त्यांचं तिथे काय काम बरं?

गंमत अशी, की आज खाणवाल्यांना जी जमीन हवी असते, तीच फार पूर्वीच्या माणसालाही आवडायची. नदी जवळ, जमीन सपाट आणि पावसाचं पाणी झटकन निचरून जाणारं. म्हणून त्याने तिथे झोपड्या बांधल्या, शेती केली, आपली माणसं पुरली. या खुणा बऱ्याचदा वरच्या मातीच्या थराखालीच असतात. गोटे काढायचे तर आधी तीच माती खरवडावी लागते. म्हणजे खुणा पहिल्याच दिवशी नाहीशा! वहीचं पान फाटलं तर पुन्हा लिहिता येतं. जमिनीचं पान पुन्हा लिहिता येत नाही.

पिकांची चुगली

न खोदता खालचं कसं कळतं? मदतीला येतात पिकं! जुना चर मातीने बुजला, की तिथली माती खोल आणि ओलसर राहते. कडक उन्हाळ्यात भोवतालचं पीक पिवळं पडतं, पण चरावरचं हिरवं आणि उंच राहतं. खाली दगडी पाया असेल तर उलट, वरचं पीक खुरटतं. शेतात उभं राहून हे नीट कळत नाही. विमानातून मात्र गोल, चौकोन, रेषा काढल्यासारख्या दिसतात. ऑक्सफर्डच्या मेजर ॲलन यांनी १९३०च्या दशकात स्वतःच्या विमानातून थेम्स नदीकाठची अशी छायाचित्रं टिपली. १९६० साली तिथल्या शाही आयोगाने नदीकाठच्या गोट्यांच्या जमिनींवर 'अ मॅटर ऑफ टाइम' हे पुस्तक काढलं. खाणींमुळे किती ठेवा नाहीसा होतोय, हे त्यातून लोकांना कळलं.

पाहणीच्या पायऱ्या

आधी जुने नकाशे आणि छायाचित्रं तपासतात. मग नांगरलेल्या शेतात ठरावीक अंतराने रांगेत चालतात आणि गारगोटीची हत्यारं, खापराचे तुकडे टिपतात. प्रत्येक वस्तू कुठे मिळाली, याची नोंद करतात. नंतर चुंबकमापक यंत्र फिरवतात. जुन्या चुली, भट्ट्या, बुजलेले चर त्याला बरोबर कळतात. शेवटी थोड्याच जागेत चाचणीचे चर खणून पाहतात.

मग ठरतं, कुठे खोदू द्यायचं, कुठे आधी उत्खनन करायचं आणि कुठे हातच लावायचा नाही. खर्च कुणाचा? १९९० साली इंग्लंडच्या सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून जो खाण काढणार, तोच साधारणपणे या कामाचा खर्चही करणार, अशी रीत पडली.

काय गेलं, काय राहिलं?

नॉर्थ यॉर्कशायरमध्ये थॉर्नबरो इथे मातीच्या बांधांची तीन प्रचंड वर्तुळं आहेत. प्रत्येकाचा व्यास सुमारे २४० मीटर! ती २०२३ आणि २०२४ साली राष्ट्राच्या ताब्यात आली. पण तिथेच असलेल्या दोन समांतर चरांच्या लांबलचक प्राचीन रचनेचा बराच भाग खाणीत गेला, तो कायमचाच.

कधी कधी पाहणीलाही चकवा बसतो बरं का! केंब्रिजशायरमध्ये मस्ट फार्म इथे जुनी वस्ती गाळाच्या जाड थराखाली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. विटांसाठी माती काढलेल्या खाणीच्या कडेला १९९९ साली लाकडी खांब दिसले. २०१५-१६ मध्ये मोठं उत्खनन झालं, तेव्हा सुमारे २८५० वर्षांपूर्वीची, पाण्यावर खांबांवर उभारलेली आणि आगीत कोसळलेली घरं सापडली. एका वाडग्यात तर लापशीचे अवशेष होते, लाकडी पळीसकट! कुणाचं तरी जेवण अर्धवट राहिलं होतं.

आणि आपल्याकडे?

१८६३ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम इथे खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात अश्मयुगीन दगडी हत्यार मिळालं. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली. आपल्या नेवाशाला प्रवरेकाठच्या गोट्यांच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलिया यांनाही अशी हत्यारं सापडली.

तेव्हा मुलांनो, गावाजवळ वाळू, मुरूम उपसताना एखादं वेगळं खापर किंवा घडवलेला दगड दिसला तर? लगेच उचलू नका. जागा लक्षात ठेवा, गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. पालकांनो, तुम्ही तहसील कचेरीत कळवा. वस्तू घरी आणली की ती कुठे आणि कशाशेजारी होती, हे हरवतं. मग उरतो नुसता दगड, त्याची गोष्ट नाही.