धुराची चव नेमकी कळते कुठे?

बीड जिल्ह्यात पौष-माघात आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या ज्वारीच्या हुरड्याला जो धुरकट स्वाद असतो, त्याच जातीचा, पण अधिक उग्र स्वाद गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉन 'बोल्ड' या सिंगल माल्टमध्ये, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोड आणलेल्या जवापासून गाळलेल्या व्हिस्कीत, आढळतो. त्याचे मूळ पीटमध्ये, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात असते. ओलसर मोडाचे जव पीटच्या धुरावर वाळवले, की धुरातील ग्वायाकॉल, क्रेसॉल ही फिनॉल वर्गातील गंधद्रव्ये टरफलात मुरतात आणि पुढे ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर मद्यात उतरतात. जिभेला मात्र धूर कळतच नाही. घोट गिळताना हे रेणू घशाच्या मागून नाकात चढतात, त्यामुळे नाक दाबून घेतलेला घोट नुसता जळजळीत लागतो. गार झालेला हुरडा फिका वाटतो, तोही बराचसा गंध हवेत उठेनासा झाल्यामुळेच. जाणकार व्हिस्कीत थोडे पाणी घालतात, त्यालाही आधार आहे: तीव्र मद्यात ग्वायाकॉल मद्यार्काला बिलगून आत दडते, पण पाणी मिसळताच मद्यार्कासह पृष्ठभागाकडे सरकते, असे स्वीडनमधील लिनिअस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिरूपाद्वारे दाखवले.