टूलचं वर्णन तपासायचं कसं?

रात्री १२ वाजून १० मिनिटांची गाडी आणि चुकलेली तारीख हा घोळ बहुतेक घरांत कुणीतरी एकदा घातलेला असतो. शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचं तिकीट काढतात. १२ वाजले की रविवार लागतो आणि शनिवारची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. गाडी शोधून देणारा एआय एजंटही याच घोळात सापडतो. त्याला आधी सावध करायची हक्काची जागा म्हणजे टूलचं वर्णन.

एजंटमागचं भाषा-मॉडेल स्वतः वेळापत्रक चाळत नाही, ते काम टूल करतं. टूलबद्दल मॉडेलला तीनच गोष्टी दिसतात: नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं त्याचा तक्ता. आतला कोड दिसत नाही. ओपनएआयने जून २०२३मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं तेव्हा ही रचना रुळली. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला आणि एकाने लिहिलेलं टूल भलत्याच कुणाचा तरी एजंट वापरू लागला. लिहिणाऱ्याला गाठून ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारायची सोय राहिली नाही.

समजा, एका टूलचं नाव आहे ‘गाडी_शोधा’. वर्णन: ‘गाड्यांची माहिती देते.’ रकाने तीन: कुठून, कुठे, तारीख. वाचताना काही खटकत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

आधी कोड झाकून ठेवा आणि आजच कामावर आलेल्या कारकुनाच्या नजरेने वर्णन वाचा. ‘कुठून’मध्ये नुसतं ‘मुंबई’ चालेल? मुंबई म्हणजे सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस की मुंबई सेंट्रल? ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? तारीख गाडी सुटते त्या मूळ स्थानकाची, की आपण चढतो तिथली? टूल रिकाम्या जागाही सांगतं की फक्त वेळा? कारकून अडला तर साहेबांना विचारेल. मॉडेल बरेचदा अंदाज करून मोकळं होतं, तेही ठाम सुरात.

पण नुसत्या वाचनावर विसंबू नये. छान लिहिलेलं वर्णन मॉडेलला उमगेलच असं नाही. तीस-चाळीस प्रश्न लोक विचारतात तसे लिहून काढा (‘उद्या संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचायचंय’) आणि प्रत्येकापुढे आधीच नोंदवा, कोणतं टूल उचललं जायला हवं आणि रकान्यांत काय यायला हवं. मग मॉडेलला सोडा. टूल बरोबर निवडलं का आणि रकाने बरोबर भरले का, हे सगळेच पाहतात. नको तिथे ते गप्प बसलं का, हे पाहायचं मात्र राहून जातं. ‘दख्खनची राणी कधी सुरू झाली?’ या प्रश्नाचं उत्तर १९३० आहे, त्यासाठी वेळापत्रक उघडायची गरज नाही.

शेजारच्या टूलशीही गल्लत होते. जोडीला दहा आकडी पीएनआर घेणारं ‘पीएनआर_स्थिती’ असेल आणि कुणी विचारलं, ‘माझं तिकीट कन्फर्म झालं का?’, तर ‘गाड्यांची माहिती’ या ऐसपैस शब्दांत हाही प्रश्न बसतो. म्हणून वर्णनात एक नकार हवा: ‘आरक्षणाची स्थिती यातून कळत नाही, त्यासाठी पीएनआर_स्थिती वापरा.’ माझ्या मते अख्ख्या वर्णनातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य.

प्रत्येक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा, कारण मॉडेल दर वेळी तसंच वागेल याचा भरवसा नसतो. २०२४च्या ‘टाऊ-बेंच’ चाचणीत एक मोजमाप नेमकं याचंच आहे: तेच काम अनेकदा दिलं तर सगळ्या खेपांना जमतं का. दुरुस्ती करताना एका वेळी एकच वाक्य बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. काही प्रश्न शेवटपर्यंत बाजूला ठेवा, पेपर फुटलेल्या परीक्षेच्या गुणांना अर्थ नसतो. एखादं वाक्य काढूनही निकाल तोच राहिला, तर ते काढूनच टाका. पन्नास टूलांची वर्णनं एकदम मॉडेलपुढे ठेवली की फाफटपसाऱ्याचा खर्च दर खेपेला पडतो.

परक्याचं टूल घेताना आणखी एक पाहावं लागतं. वर्णनातच छुप्या सूचना पेरून एजंटला फितवता येतं, हे इन्व्हेरियंट लॅब्सने एप्रिल २०२५मध्ये दाखवून दिलं.

आणि कधी कधी दोष वर्णनात नसतोच. अँथ्रॉपिकचा कोड लिहिणारा एजंट फोल्डर बदलल्यावर फाइलचा सापेक्ष पत्ता चुकवत असे. त्यांनी टूलच असं केलं, की पूर्ण पत्ता द्यावाच लागेल, आणि ती चूक थांबली. आपल्या गाडीचंही तसंच. मध्यरात्रीबद्दल चार वाक्यं लिहिण्यापेक्षा ‘तारीख’ हा रकाना काढा आणि त्या जागी दोन ठेवा: ‘चढण्याच्या स्थानकावरून गाडी सुटण्याची तारीख’ आणि ‘वेळ, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे’.