गाजले इंग्लंडात, अडले अमेरिकेत

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडमधील लोकप्रिय गायकांच्या बाबतीत तिचा उलटा प्रत्यय येतो. पिकते तेथे त्यांचा माल भरघोस विकतो, पण तोच अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला, की त्याला गिऱ्हाईक मिळेनासे होते. दोन्ही देशांची भाषा एक, वाद्ये एक, पॉप संगीताचे मूळही बऱ्याच अंशी एक. मग असे का व्हावे? हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. पण कीर्ती म्हणजे काय आणि ती कशी पसरते, या मोठ्या प्रश्नाचा तो एक भाग आहे. म्हणून आज त्याचा थोडा मुळाशी जाऊन विचार करू.

प्रथम दोन उदाहरणे घेऊ. क्लिफ रिचर्ड हा गायक १९४० साली आपल्या लखनौ शहरात जन्मला आणि पुढे इंग्लंडात वाढला. त्याची १४ गाणी इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९५९ साली त्याचे ‘लिव्हिंग डॉल’ इंग्लंडात पहिले आले, तेव्हा अमेरिकेत ते तिसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकले नाही. दुसरा रॉबी विल्यम्स. २००३ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थ येथे लागोपाठ तीन रात्री मिळून पावणेचार लाख लोक त्याला ऐकायला आले. इंग्लंडात घरोघरी गायिले जाणारे त्याचे ‘एंजल्स’ हे गाणे अमेरिकेच्या यादीत ५३ व्या क्रमांकावर थांबले होते.

याची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. इंग्रज म्हणतात, अमेरिकन माणसाला रस कळत नाही. अमेरिकन म्हणतात, गाण्यातच दम नव्हता. ही दोन्ही उत्तरे एका उदाहरणाने कोलमडतात. स्लेड नावाच्या इंग्रज बँडची सहा गाणी १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांपैकी ‘कम ऑन फील द नॉइझ’ हे गाणे १९७३ साली अमेरिकेत ९८ व्या क्रमांकावर अडले. पुढे ही मंडळी अमेरिकेत जाऊन राहिली, गावोगाव गायिली, तरी उपयोग झाला नाही. आणि १९८३ साली क्वाएट रायट या अमेरिकन बँडने तेच गाणे गायिले, तेव्हा ते तेथे पाचव्या क्रमांकावर गेले! गाणे तेच आणि देशही तोच. तेव्हा दोष गाण्याचा नव्हे आणि रसिकतेचाही नव्हे. गाणे आणि रसिक यांच्या मध्ये काहीतरी उभे आहे. ते काय, हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट भूगोलाची. ब्रिटन हा देश क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षाही लहान आहे, तर अमेरिका ब्रिटनच्या सुमारे चाळीसपट आहे. ब्रिटनमध्ये १९६७ पासून बीबीसीचे रेडिओ वन हे केंद्र आणि १९६४ ते २००६ पर्यंत ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा दूरदर्शनवरील कार्यक्रम, अशी दोन मोठी दारे होती. ही दोन दारे उघडली, की आठवड्याभरात गाणे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचे. अमेरिकेत असे एक दार नाही. तेथे हजारो खाजगी रेडिओ केंद्रे आहेत आणि त्यांनी आपापली शेते वाटून घेतली आहेत. कोणी केवळ कंट्री संगीत लावतो, कोणी केवळ रॉक, कोणी कृष्णवर्णीयांत रुजलेले रिदम अँड ब्लूज, तर कोणी मध्यमवयीनांसाठी सौम्य गाणी. इंग्लंडमध्ये नृत्यगीत, विनोदी गीत आणि दणदणीत रॉक एकाच कार्यक्रमात सुखाने नांदत. त्या मिश्र वातावरणात वाढलेला गायक अमेरिकेत गेला, की पहिला प्रश्न येतो, हा बसवायचा कोणत्या खणात? खण सापडला नाही तर तबकडी वाजत नाही, आणि वाजली नाही तर आवडण्याचा वा न आवडण्याचा प्रसंगच येत नाही.

दार किती महत्त्वाचे असते, याचा सर्वांत बोलका पुरावा प्रत्यक्ष बीटल्सचा आहे. कॅपिटॉल ही अमेरिकन कंपनी ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्याच ताब्यात होती. तरीही १९६३ मध्ये तिने बीटल्सच्या तबकड्या काढण्याचे नाकारले. मग ‘शी लव्हज यू’ हे गाणे स्वॅन या लहान कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात काढले आणि ते कोणाच्या कानावरही गेले नाही. वर्षअखेरीस कॅपिटॉलने मत बदलले आणि जाहिरातीवर पैसा ओतला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी बीटल्सना पाहिले. मार्चमध्ये तेच ‘शी लव्हज यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले. सहा महिन्यांत गाण्यातला एक सूरही बदलला नव्हता. बदलले होते ते दार.

परंतु दार उघडले म्हणजे काम झाले असे नाही. आत आलेला पाहुणा काय घेऊन आला आहे, हा दुसरा प्रश्न. क्लिफ रिचर्डला त्याच्या देशात ‘इंग्लंडचा एल्विस’ म्हणत. इंग्लंडात ही पदवी मोलाची होती. अमेरिकेत मूळ एल्विस प्रेस्ली घरातच बसलेला होता. ज्याच्या अंगणात विहीर आहे, तो शेजाऱ्याच्या घागरीतले पाणी विकत कशाला घेईल? बीटल्सनीही अमेरिकन गायकांकडूनच धडे गिरवले होते, हे खरे. पण चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांच्याकडून घेतलेल्या बियाण्याला त्यांनी लिव्हरपूलच्या मातीत लावले आणि नव्या जातीचे फळ परत पाठवले. क्लिफलाही अमेरिकेत पहिल्या दहांत जागा मिळाली, पण ती १९७६ साली ‘डेव्हिल वुमन’ या गाण्याने. म्हणजे उसनी पदवी जुनी झाल्यावर.

तिसरी गोष्ट ओळखीची. रॉबी विल्यम्स हा केवळ आवाज नव्हे. १९९० पासून ‘टेक दॅट’ या बँडमधला खोडकर पोरगा म्हणून इंग्लंडने त्याला पाहिले होते. त्याचे भांडून बाहेर पडणे, त्याचे व्यसन, त्याचे सावरणे, सारे वर्तमानपत्रांतून घरोघरी ठाऊक होते. म्हणून तो रंगमंचावर छाती फुगवून बढाया मारू लागला, की श्रोत्यांना त्यामागची थट्टा कळे. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याचे बोलणे गावाला कळते, कारण तो कोणाची नक्कल करतो आहे हे गावाला माहीत असते. अमेरिकेने ही पूर्वपीठिका पाहिलीच नव्हती. तिला दिसला तो एक अनोळखी तरुण, कारण नसताना ऐट मिरवणारा.

क्वीन या बँडचेही एका टप्प्यावर असेच झाले. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत शिकला तो आपल्या पाचगणीत. १९८० साली या बँडची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. १९८४ मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत चौघांनी बायकांची सोंगे घेतली. ती एका इंग्रज दूरदर्शन मालिकेची थट्टा होती. इंग्लंड हसले आणि गाणे तिसरे आले. अमेरिकेला त्या मालिकेची ओळखच नव्हती, तेथे ते ४५ वर राहिले. १९८२ नंतर मर्क्युरी असेपर्यंत त्यांनी अमेरिकेचा दौराही केला नाही.

येथे चौथी गोष्ट येते, ती म्हणजे चिकाटी. ओळख नसेल तर ती करून घ्यावी लागते, आणि त्या विशाल देशात ती गावोगाव हिंडूनच होते. पोलीस हा बँड १९७८ साली फारसे कोणी ओळखत नसताना अमेरिकेत उतरला आणि मोटारीत वाद्ये घालून लहानलहान क्लबांतून वाजवीत फिरला. पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ आठ आठवडे तेथे पहिले होते. याच्या उलट ओॲसिस. १९९६ च्या आरंभी त्यांचे ‘वंडरवॉल’ अमेरिकेत आठव्या क्रमांकावर गेले. म्हणजे दार उघडले होते. ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोक जमले. नंतर लगेच अमेरिकेचा दौरा होता. तो भावाभावांच्या भांडणात अर्धवट सोडून मंडळी घरी परतली. घरी पूजा होत असताना परक्या गावात लहान सभागृहापुढे पुन्हा पहिला पाठ म्हणायला फार थोड्यांचे मन तयार होते.

ही सारी कारणे किंक्स या बँडच्या कथेत एकत्र सापडतात. १९६४ साली ते अमेरिकेत सातव्या क्रमांकावर पोहोचले होते. १९६५ च्या दौऱ्यातील तंट्यांनंतर तेथील वादकांच्या संघटनेने त्यांना परवाने नाकारले आणि १९६९ पर्यंत त्यांना अमेरिका बंद झाली. या काळात रे डेव्हिस यांनी लंडनच्या संध्याकाळीवर आणि खेड्यातल्या हिरवळीवर गाणी लिहिली. ‘वॉटर्लू सनसेट’ १९६७ मध्ये इंग्लंडात दुसरे आले. अमेरिकेच्या यादीत ते शिरलेही नाही. लोक म्हणाले, गाणी फारच इंग्रजी झाली. पण बंदी उठल्यावर किंक्स पुन्हा गेले, वर्षानुवर्षे हिंडले. आणि १९८३ मध्ये, संगीताच्या एमटीव्ही या वाहिनीने नवे दार उघडले असताना, ‘कम डान्सिंग’ हे गाणे अमेरिकेत सहावे आले. त्याचा विषय काय? जुन्या इंग्लंडातले मोहल्ल्यातले नृत्यगृह आणि तेथे जाणारी थोरली बहीण!

तेव्हा स्थानिक मातीचा वास हा अडथळा नव्हता. अडथळा होता अनोळखीचा. ज्यांना आपण अमेरिकेत पडलेले गायक म्हणतो, त्यांतील बहुतेकांना अमेरिकेने नापसंत केले नाही. अमेरिकेने त्यांना ऐकलेच नाही, किंवा ऐकले ते अर्धे. एप्रिल २००२ मध्ये एक आठवडा असा आला, की अमेरिकेच्या शंभर गाण्यांच्या यादीत एकही ब्रिटिश गायक नव्हता. १९६३ नंतर असे प्रथमच घडले. इंग्लंडातले गळे त्या आठवड्यात बसले नव्हते. २०११ मध्ये अडेलचा ‘२१’ हा गीतसंग्रह आला आणि तोच पुढे एकूण २४ आठवडे अमेरिकेत अग्रभागी राहिला.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. यादीतला क्रमांक गाणे किती दूर गेले ते सांगतो, ते किती खोल गेले ते सांगत नाही. नेबवर्थच्या मैदानात पावणेचार लाख लोक जे गात होते, ते न्यूयॉर्कला ठाऊक नव्हते म्हणून खोटे ठरत नाही. दूरच्या बाजारात भाव आला नाही, एवढ्यावरून घरच्या गायकाला हिणकस ठरवण्याची सवय कोणत्याही समाजाने लावून घेऊ नये. आणि आपल्या दारी आलेला परका सूर पहिल्या ऐकण्यात उमगला नाही, म्हणून त्याला घाईने निरोपही देऊ नये. त्याला दुसऱ्यांदा ऐकण्याइतका वेळ द्यावा. रसिकतेची खरी परीक्षा तेथेच असते.