जाळ्याची किंमत कोण मोजणार?

माहितीपट हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. मुख्य चित्रपट सुरू होईपर्यंत नाइलाजाने पाहायची कंटाळवाणी गोष्ट, असा समज वडीलधाऱ्यांकडून आपल्यापर्यंत चालत आलेला आहे. अर्ध्या तासाहूनही लहान अशा एका माहितीपटाने देशाचा कायदा बदलायला हातभार लावला, असे सांगितले तर सहसा कुणाचा विश्वास बसणार नाही. यंदा विद्यापीठाच्या आवारात पर्यावरणविषयक माहितीपट आणि त्यावर परिसंवाद असा कार्यक्रम झाला. त्यात माइक पांडे यांचा २००० सालचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ मी पाहिला. तो पाहून आणि नंतरची चर्चा ऐकून जे ध्यानात आले, ते येथे मांडतो.

माहितीपटाचा विषय आहे व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी हा देवमासा नव्हे. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी. हा मात्र कल्ल्यांनी श्वास घेणारा खराखुरा मासा, आणि जगातील सर्वांत मोठा. लांबी १२ मीटरांच्याही पुढे जाते, पण खाणे म्हणाल तर प्लवक आणि बारीकसारीक मासे. माणसाच्या वाटेला तो जात नाही. माणूस मात्र त्याच्या वाटेला गेला. गुजरातच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून त्याच्या यकृताचे तेल फासले जाई. पुढे मांसाला परदेशातून मागणी आली आणि शिकार वाढली. गळाला पिंपे बांधून त्याला दमवीत, म्हणून त्याचे स्थानिक नावच ‘बॅरल’ पडले होते.

परिसंवादात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक साधा हिशेब समजावून दिला. हा मासा वयात यायलाच सुमारे २५ ते ३० वर्षे लागतात. बांगडा किंवा तारली यांची भर लवकर होते. येथे मात्र मारलेल्या माशाची जागा भरून यायला माणसाची एक पिढी जाते. म्हणजे थोडी वर्षे शिकार जोरात चालली तरी तोटा दीर्घकाळ राहतो.

माहितीपट प्रदर्शित झाल्यावर गवगवा झाला. २००१ साली या माशाचा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. असे संरक्षण मिळालेला तो भारतातील पहिला मासा. २००२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही ‘सायटिस’ कराराने नियंत्रण आणले.

येथवर सभागृहात सर्वांच्या माना डोलत होत्या. मग मच्छीमार सहकारी संस्थेतून आलेल्या एका वयस्क तांडेलांनी विचारले, “मारायचा नाही, कबूल. पण आपल्या पायाने जाळ्यात आला तर? त्याला सोडायचा म्हणजे जाळे कापायचे. त्या जाळ्याची किंमत कोण मोजणार?”

मला वाटते, साऱ्या विषयाचे मर्म या एका प्रश्नात आहे. कायदा शिकार थांबवू शकतो. जाळे कापणारा हात त्याला मिळतोच असे नाही. गुजरातेत हे ओळखले गेले. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वनखाते आणि टाटा केमिकल्स यांच्या साहाय्याने मोहीम सुरू केली. मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि ‘बॅरल’ची ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाली. पण नुसत्या उपमेवर पोट भरत नाही. वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली. पुराव्यासाठी मच्छीमारांच्या हाती कॅमेरे आले, त्यामुळे अधिकारी येईपर्यंत मासा अडकवून ठेवण्याची गरज उरली नाही. ज्या यंत्राने हत्या जगाला दाखवली, तेच आता सुटकेची साक्ष देऊ लागले! आजवर शेकडो मासे असे परत समुद्रात गेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी योजना आहे. व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन यांसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर छायाचित्र किंवा चित्रफितीच्या आधारे २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. तांडेलांना ती ठाऊक होती. त्यांचे म्हणणे पुढचे होते: जाळ्याचे पैसे येतात, पण नवे जाळे हाती येईपर्यंत जे दिवस बुडतात त्यांचे काय? व्यासपीठावरून यावर उत्तर आले नाही. कायद्याच्या अभ्यासक बाईंनी मात्र प्रामाणिकपणे सांगितले, की भरपाई वस्तूची मोजली जाते, रोजगाराची नाही.

निसर्ग वाचवा म्हणणे आपल्याला सोपे आहे, कारण त्यापायी आपले काही कापले जात नाही. म्हणूनच अशा कार्यक्रमांत माहितीपटाइतकेच महत्त्व नंतरच्या चर्चेला आणि तिच्यात कोणाला बोलावले जाते याला आहे. पुढील वर्षी आपल्या महाविद्यालयात असा उपक्रम योजणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. विषय जंगलाचा असो, नदीचा असो वा समुद्राचा. ज्याच्या पोटावर त्या संरक्षणाचा भार पडतो, त्याच्यासाठी व्यासपीठावर एक खुर्ची आधी राखून ठेवावी, आणि मग बाकीच्या पाहुण्यांची नावे ठरवावीत.