इंजिनाचा श्वास आणि गाडीचे ऑइल

कोजागिरीच्या रात्री टोकरखाड्यात मसाला दूध घेताना आम्हा निवृत्त मंडळींच्या गप्पा नेहमीप्रमाणे गाड्यांवर आल्या. एका वहिनींनी विचारले, "आमच्या गाडीचे बॉनेट उघडले की इंजिनच्या झाकणावर व्हीव्हीटी असे लिहिलेले दिसते. ते काय असते हो?" आम्ही बँकेतले, शिक्षणाने बी.कॉम. पण याच व्हीव्हीटीपायी आमच्या खिशाला एकदा चाट बसली होती, म्हणून ते नीट समजून घेतले होते. तेच येथे सांगतो.

पेट्रोल इंजिन श्वासावर चालते. प्रत्येक सिलिंडरला आत हवा घेणाऱ्या आणि बाहेर धूर सोडणाऱ्या झडपा असतात. कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो, त्याच्या उंचवट्यांनी या व्हॉल्व्हची उघडझाप होते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते.

आता बँकेचे उदाहरण घेऊ. काउंटर कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे, याची वेळ ठरलेली. महिनाअखेरीस काउंटर रिकामे असते, आणि पगाराच्या दिवशी सिल्वासाच्या कारखान्यांतले कामगार रांग लावतात तेव्हा तीच वेळ अपुरी पडते. जुन्या इंजिनांचे असेच होते. वेग जास्त असताना आत येणाऱ्या हवेला जोर असतो, म्हणून पिस्टन वर निघाला तरी झडप थोडी उशिरा मिटलेली चांगली; हवा अजून भरत राहते. पण वेग कमी असताना झडप तशीच उशिरा मिटली तर आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते. वेळ एकच ठेवायची म्हटली की कुठेतरी तडजोड आलीच. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी अनेकांनी चालवली आहे. तिच्या झडपांची वेळ कायमची ठरलेली होती.

व्हीव्हीटी म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, अर्थात झडपांची बदलती वेळ. कॅमशाफ्टच्या टोकाला एक पोकळ चक्र असते. गाडीचा संगणक गरजेप्रमाणे त्यात इंजिन ऑइल दाबाने सोडतो, आणि कॅमशाफ्ट काही अंशांनी पुढे किंवा मागे सरकतो. काउंटरची वेळ गर्दी पाहून बदलली, असे समजा. अल्फा रोमिओने 1980 मध्ये अशी सोय प्रथम विक्रीच्या गाडीत आणली. होंडाने 1989 मध्ये जपानच्या इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणले. त्यात जास्त वेगाला वेगळा, मोठा उंचवटा काम करू लागतो, म्हणजे झडप जास्त वेळ आणि जास्त रुंदही उघडते. त्या 1600 सीसीच्या इंजिनाने 160 अश्वशक्ती दिली. आपल्या नातवंडांच्या आवडीच्या यामाहा आर-15 मध्येही 2018 पासून असाच बदल मिनिटाला 7400 फेऱ्यांच्या सुमारास होतो.

काही गाड्यांत हवेची नळीही बदलते. लांब बासरीचा सूर खालचा, आखूड बासरीचा वरचा. नळीतल्या हवेला स्वतःची लय असते. म्हणून कमी वेगाला लांब नळी आणि जास्त वेगाला आखूड नळी वापरली की सिलिंडर चांगला भरतो.

याचा उपयोग किती? पद्मिनी 1089 सीसीची आणि सुमारे 40 अश्वशक्तीची. 2011 ची व्हीव्हीटी असलेली स्विफ्ट 1197 सीसीची, तिची ताकद दुपटीहून अधिक. हे सगळे श्रेय व्हीव्हीटीचे नाही. सोळा झडपा आणि फ्युएल इंजेक्शन यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण खानवेल, जव्हार, मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरला जाताना चढावर इंजिन कमी फेऱ्यांतही ओढते आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर दमत नाही, त्यामागे हीच बदलती वेळ आहे.

आता आमच्या खिशाची गोष्ट. निवृत्तीनंतर आमची गाडी बाजार, देऊळ आणि दवाखाना एवढीच फिरे. वर्षाला जेमतेम 3000 किलोमीटर. पुस्तिकेत ऑइल 10,000 किलोमीटरला किंवा एका वर्षाने बदला असे लिहिले होते. आम्ही फक्त पहिला आकडा वाचला. तीन वर्षांनी गाडी उभ्या जागी थरथरू लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने दाखवले: ऑइलचा गाळ होऊन व्हीव्हीटीची बारीक जाळी तुंबली होती. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ओलावा आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो. आयुष्यभर कर्जाच्या कागदांतल्या अटी लोकांना वाचून दाखवल्या आणि स्वतःच्या गाडीच्या पुस्तिकेतले "किंवा" आम्हीच वाचले नाही!

म्हणून सभासदांना सांगणे एवढेच. गाडी कमी चालत असेल तरी ऑइल पुस्तिकेतल्या मुदतीला बदला. त्यात लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल घ्या. जाड ऑइल म्हणजे चांगले ऑइल, हा पद्मिनीच्या काळातला समज इथे चालत नाही. महिन्यातून एकदा पातळी पाहा, आणि जमेल तेव्हा गाडी खानवेलपर्यंत फिरवून आणा. इंजिनालाही मोकळा श्वास मिळेल आणि आपल्यालाही.