हिरोशिमातली सरळ रेष

हिरोशिमात उतरल्यावर बहुतेक जण घुमटाचा फोटो काढतात, संग्रहालय पाहतात आणि मियाजिमा बेटाकडे निघतात. आधुनिक वास्तुकलेची आवड असेल तर आपण इथे अर्धा दिवस जास्त ठेवा. या शहरातल्या महत्त्वाच्या वास्तू एका सरळ रेषेत ओवलेल्या आहेत. ती रेष धरून चाललं की त्या नीट कळतात.

ट्रामने ‘गेनबाकु डोम-माए’ थांब्यावर उतरा. समोरच अणुबॉम्बने उद्ध्वस्त केलेली ती घुमटाची इमारत दिसेल. यान लेत्सेल या चेक वास्तुकाराने ती व्यापारी प्रदर्शनांसाठी आखली आणि १९१५ साली ती पूर्ण झाली. १९४९ मध्ये वास्तुकार केन्झो तांगे यांनी शांती उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा हा सांगाडा राखायचा की पाडायचा हे ठरलेलंही नव्हतं. जतनाचा निर्णय झाला तो १९६६ मध्ये. तरीही तांगेंनी आपल्या रेषेचं टोक नेमकं याच सांगाड्यावर टेकवलं. त्या आराखड्यातली सर्वांत मोठी हिंमत मला इथेच दिसते.

आता पूल ओलांडून उद्यानात या आणि दक्षिणेकडे चाला. आधी ज्योत लागते, मग खोगिरासारख्या आकाराची काँक्रीटची कमान. हे मृतांचं स्मारक.

इथे एक चूक हमखास होते. घुमटाकडून आल्यामुळे आपण कमानीच्या पाठीमागे पोहोचतो आणि तिथूनच पाहून पुढे सरकतो. तसं न करता वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला जा आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. कमानीच्या आत ज्योत आणि तिच्यामागे घुमट, सगळं एका ओळीत येतं. नमस्कार करायला आलेल्यांची तिथे रांग असते. त्यांचं होऊ द्या, मग पाहा.

पुढे संग्रहालय. तीन इमारती शेजारी शेजारी आहेत. त्यांतली मधली, १९५५ साली पूर्ण झालेली, तांगेंची मूळ वास्तू. ती खांबांवर उचललेली आहे. अशा मोकळ्या तळाला वास्तुकार ‘पिलोटी’ म्हणतात. तांगेंवर प्रभाव होता तो ल कॉर्बुझिए यांचा, म्हणजे आपल्या चंदीगडच्या वास्तुकाराचा. पण इथे हा तळ मोकळा ठेवण्याला खास कारण आहे: बंद भिंत असती तर रेष तिथेच अडली असती. प्रवेश पूर्वेकडच्या इमारतीतून असल्याने अनेकांचं या खांबांखालून चालणं राहूनच जातं. तिकीट काढण्याआधी एकदा खालून आरपार चालून या.

बाहेरच्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पुलांचे कठडे शिल्पकार इसामु नोगुची यांचे आहेत. पूर्वेच्या कठड्याच्या टोकाला सूर्य आहे, पश्चिमेच्या कठड्याला नावेचा आकार. दोन्ही पाहा.

रेष इथे संपत नाही. तिच्या दुसऱ्या टोकासाठी आता योशिजिमाकडे जाणारी बस पकडा. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी पैसे द्यायचे. बस दक्षिणेकडे समुद्राच्या दिशेने जाते. घुमटापासून सुमारे ४ किलोमीटरवर, रस्ता संपतो तिथे, नाका कचरा-दहन केंद्र आहे.

कचरा जाळण्याचा कारखाना मुद्दाम पाहायला जायचं, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण २००४ साली पूर्ण झालेली ही वास्तू योशिओ तानिगुची यांची आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचं त्यांनी केलेलं विस्तारकामही खुलं झालं. तरुणपणी त्यांनी तांगेंच्याच कार्यालयात काम केलं होतं, आणि गुरूची रेष त्यांनीही अडवली नाही. कारखान्याच्या पोटातून त्यांनी काचेची मार्गिका काढली. दोन्ही हातांना काचेपलीकडे धूर शुद्ध करणारी चकचकीत पोलादी यंत्रं आणि त्यांच्यासोबत जिवंत झाडं. ‘ड्राइव्ह माय कार’ हा चित्रपट पाहिला असेल, तर ही जागा ओळखू येईल.

दर्शनी भाग कारखान्यासारखा दिसतो म्हणून इथून परत फिरू नका. मार्गिका सर्वांसाठी खुली आहे आणि तिला शुल्क नाही. ती संध्याकाळपर्यंत उघडी राहत नाही, तेव्हा दुपारीच पोहोचा. मार्गिका ओलांडली की समोर सेतो समुद्र येतो.